भिजत पडलेलं घोंगडं: ‘युरी ऑन आइस’च्या प्रेक्षकांचा अपेक्षाभंग

१९ एप्रिल २०२४ रोजी जपानमधून एक छोटंसं निवेदन आलं. ‘युरी ऑन आइस’ या फिगर स्केटिंगवरच्या अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) मालिकेवरचा ‘आइस अॅडोलसन्स’ हा चित्रपट विविध कारणांमुळे रद्द करण्यात येत आहे, इतकी वर्षं वाट पाहणाऱ्यांची आम्ही माफी मागतो, अशा अर्थाचं. ही ‘विविध कारणं’ कोणती, ते त्यात नव्हतं. चित्रपटाची घोषणा झाली होती २०१७ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे बरोबर सात वर्षं घोंगडं भिजत पडलं आणि मग कुणीतरी येऊन सांगितलं की घोंगडंच नाहीये.

माझी भाची २०१६ मध्ये नववीत होती. पुण्यात सोसायटीच्या आवारात रोलर स्केटिंग शिकलेली, पुढे दोन वर्षं क्लासला जाऊन थोडीफार स्पर्धाही केलेली. ही मालिका मी तिच्यामुळे पाहिली. चित्रपट रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा ती नोकरीला लागून वर्ष होत आलं होतं. तिच्या नजरेतून हे प्रकरण मांडतेय असं म्हटलं तरी चालेल, कारण यातली निराशा एक नाही, दोन आहेत, हे मला तिच्याकडे बघून कळलं. पहिली निराशा तिने हसत गिळली. दुसरी अजून गिळलेली नाही.

आधी मालिकेबद्दल, कारण सगळ्यांनी पाहिलेली नसणार. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१६ या काळात टीव्ही आसाहीवर रात्री उशिरा बारा भाग दाखवले गेले. दिग्दर्शिका सायो यामामोतो, कथा तिची आणि मांगाकार (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) मित्सुरो कुबो यांची मिळून, आणि निर्मिती माप्पा या स्टुडिओची, जो तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. कथानायक युरी कात्सुकी, वय २३, सोचीतल्या ग्रां प्री फायनलमध्ये शेवटच्या क्रमांकावर येऊन खचलेला. तो क्यूशू बेटावरच्या आपल्या गावी परततो. घरी गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह, आईच्या हातचं कात्सुदोन (भातावर तळलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा), आणि ते खाऊन सुटलेलं पोट. एक दिवस गावच्या रिंकवर तो आपल्या दैवताचा, पाच वेळच्या विश्वविजेत्या व्हिक्टर निकिफोरोव्हचा, कार्यक्रम जसाच्या तसा करून बघतो. मैत्रिणीच्या तिळ्या मुली (नावं अॅक्सेल, लुत्झ आणि लूप, तिन्ही स्केटिंगमधल्या उड्यांची; आईबापांच्या वेडाची कमाल) त्याचा व्हिडिओ गुपचूप टाकून देतात. आणि व्हिक्टर स्वतः रशियाहून येऊन त्या स्नानगृहात उघडाबंब उभा राहतो: आजपासून मी तुझा प्रशिक्षक.

या पहिल्या भागात दोघांचं स्केटिंग एकात एक गुंफून दाखवलंय. इकडे टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत व्हिक्टर, तिकडे रिकाम्या रिंकवर युरी, हात एकाच वेळी वर जाणारे. ते बघून भाची म्हणाली होती, “मावशी, हे खरं आहे गं. कुणीतरी खरंच केलंय हे.” बरोबर होतं तिचं. केंजी मियामोतो हा माजी आइस डान्सर आणि खऱ्या स्केटरांसाठी नृत्यरचना करणारा माणूस. त्याने मालिकेतल्या प्रत्येक पात्राचा कार्यक्रम बसवला, स्वतः बर्फावर करून दाखवला, त्याचं चित्रीकरण झालं आणि त्यावरून चित्रकारांनी हाताने रेखाटलं. क्रीडाविषयक अॅनिमेत चेंडू हवेत असताना पाच मिनिटं विचार करणारी पात्रं आपल्याला सवयीची. इथे संगीत सुरू झालं की ते संपेपर्यंत माणूस स्केटिंग करत राहतो. गोम तिथेच होती.

पायांचा हिशेब

या खेळात चित्रकाराची जी गाळण उडते ती आकड्यांत बघायला हवी. अॅनिमेत सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण टीव्हीसाठी बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. पुरुषांची चौपट उडी, म्हणजे चार गिरक्यांची, हवेत टिकते साधारण ०.७ सेकंद. तेवढ्यात येतात आठ चित्रं. आठ चित्रांत चार गिरक्या म्हणजे प्रत्येक चित्रात स्केटर अर्धा फिरलेला: तोंड, पाठ, तोंड, पाठ. डोळ्यांना ती गिरकी वाटतच नाही, फडफड वाटते. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढलं तर सोळा-सतरा होतात, तरी प्रत्येकात पाव फेरीची उडी आहेच. त्यात कॅमेरा स्थिर नाही, तोही स्केटरभोवती फिरतोय. मागच्या प्रेक्षागृहाचा कोन बदलतोय, बर्फावरची सावली बदलतेय, अंगरख्याची झालर उडतेय.

त्या काळी पुरुषांचा फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेतला दुसरा, लांब कार्यक्रम, साडेचार मिनिटांचा असे. २७० सेकंद गुणिले १२, म्हणजे सव्वातीन हजाराच्या आसपास चित्रं, एका माणसाच्या एका कार्यक्रमाला. टीव्हीच्या एका अख्ख्या भागाला साधारण तेवढीच चित्रं लागतात. आणि शेवटच्या बार्सिलोना फायनलमध्ये माणसं सहा. सहा साडेचार सत्तावीस मिनिटं; शीर्षकगीतं वगळली तर भाग उरतो एकवीस मिनिटांचा. कथा, संवाद, गुण, रडारड, मिठ्या हे सगळं कुठे बसवायचं?

तेव्हा व्हायचं तेच झालं. मधल्या भागांपासून पाय डगमगू लागले. दूरच्या दृश्यात चेहरे पुसट, नाक-डोळे गायब. गुडघा ज्या बाजूला वळतच नाही त्या बाजूला वळलेला. उडीच्या ऐन क्षणी चेहऱ्याचा क्लोजअप, मग प्रशिक्षकाचा चेहरा, मग समालोचकाचा आवाज, आणि परत आलो तोवर स्केटर उतरलेला. उडी झाली ती आपण ऐकली. भाची रिमोट घेऊन बसायची. थांबवायची, एकेक फ्रेम पुढे न्यायची आणि किंचाळायची, “हा बघ, उजवा पाय डावा झाला!” एकदा तिने मला लुत्झ आणि फ्लिप यांतला फरक पाट्यावर बोट ओढून समजावला होता. दोन्ही उड्या मागे सरकत, पात्याच्या टोकाचे दात बर्फात रोवून घ्यायच्या. पण लुत्झ पात्याच्या बाहेरच्या कडेवरून, फ्लिप आतल्या. पाऊल जरा आत कललेलं काढलं की लुत्झचा फ्लिप झाला. खऱ्या स्पर्धेत त्याचे गुण कापतात. इथे चित्रकाराचे कोण कापणार?

फ्लिपवरून आठवलं. मालिकेत व्हिक्टरची ओळख म्हणजे चौपट फ्लिप, आणि बीजिंगच्या स्पर्धेत युरी न सांगता तीच उडी घेतो. खऱ्या जगात स्पर्धेत मान्य झालेली पहिली चौपट फ्लिप शोमा उनो या जपानी पोराने मारली ती एप्रिल २०१६ मध्ये, मालिका सुरू व्हायच्या सहाच महिने आधी. दिग्दर्शिकाबाईंचा गृहपाठ किती ताजा होता बघा.

तक्रारी भरपूर होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. चित्र बिघडलं ही एक. दुसरी कथेची होती, आणि मला ती जास्त पटते. उत्तरार्धात एकामागून एक नवे स्केटर येतात, दोन मिनिटांत आपलं दुःख सांगतात, स्केटिंग करतात आणि जातात. ग्रां प्रीचा खरा आराखडाच तसा आहे. सहा स्पर्धा, प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला फार तर दोन, त्यांतून वरचे सहा फायनलला. मालिकेने तो प्रामाणिकपणे पाळला, आणि त्या प्रामाणिकपणानेच तिचा श्वास कोंडला. युरीचे तेच दोन कार्यक्रम आपण पुन्हा पुन्हा बघतो. हंगाम असाच असतो हे खरं, पण दर वेळी काहीतरी वेगळं दिसायला हवं असेल तर ते पायांतच दिसायला हवं होतं, आणि नेमके पायच थकलेले. कझाकस्तानचा ओताबेक आला कधी, लोकांच्या गळ्यातला ताईत झाला कधी, आणि त्याचा फ्री स्केट संपला कधी, पत्ताच लागला नाही.

एवढं सगळं असून लोक उठून गेले नाहीत. उलट क्रंचीरोल या अॅनिमे दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या पहिल्यावहिल्या पुरस्कारांत सर्वोत्तम अॅनिमेचा मान हिलाच मिळाला. खरे स्केटर वेडे झाले. रशियाची विश्वविजेती इव्हगेनिया मेदवेदेवा उघडपणे चाहती होती, अमेरिकेचा जॉनी वेअर कौतुक करत होता. शेवटच्या भागात स्वित्झर्लंडचा माजी विश्वविजेता स्तेफान लांबिएल स्वतःच्याच रूपात, स्वतःच्याच आवाजात येऊन गेला. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये मिउ सुझाकी आणि र्‍युइची किहारा या जपानी जोडीने मालिकेच्या संगीतावर स्केटिंग केलं. हा किहारा पुढे रिकू मिउराबरोबर २०२३ चा विश्वविजेता झाला. युरीचं गाव ज्यावर बेतलंय त्या सागा प्रांतातल्या कारात्सूला लोक रांगा लावून गेले, किल्ल्यासमोर फोटो काढून आले, कागामियामाच्या स्नानगृहात डुंबून आले.

पाय वाकडे असताना हे का झालं? कारण चूक कुठल्या प्रकारची आहे हे बघणाऱ्याला कळत होतं. हात आखडता घेतल्यामुळे झालेली चूक आणि झेपेल त्याच्या दुप्पट उचलल्यामुळे झालेली चूक, यांत लोक फरक करतात. घरच्या कार्यातल्या पंगतीत भात लागला म्हणून कुणी यजमानाला शिव्या देत नाही. तूप वाढताना हात आखडला तर मात्र वर्षानुवर्षं बोलतात. पुढे डिस्क बाजारात आल्या तेव्हा स्केटिंगची बरीच दृश्यं सुधारून दिली होती. भाचीच्या लेखी त्या दिवशी पहिला हिशेब मिटला.

व्हिक्टर कुणाला कळला?

दुसरी निराशा समजायला दहावा भाग बघावा लागतो. तोवर आपण धरून चालतो की व्हिक्टर जपानला आला तो व्हिडिओ बघून, लहरीखातर. दहाव्या भागाच्या शेवटी श्रेयनामावली सुरू होते, आणि एरवी गाणं वाजतं तिथे फोटो सरकू लागतात. सोचीतल्या स्पर्धेनंतरची मेजवानी. शॅम्पेन ढोसून तर्र झालेला युरी, टाय डोक्याला, सगळ्यांशी नाचतोय. आणि शेवटी व्हिक्टरच्या गळ्यात पडून म्हणतोय, माझा प्रशिक्षक हो ना. सकाळी उठल्यावर त्याला यातलं काहीही आठवत नाही.

म्हणजे नऊ भाग आपण एका विसराळू माणसाच्या डोळ्यांनी गोष्ट बघत होतो. व्हिक्टर पहिल्या दिवसापासून बोलावल्यावरून आलेला होता, आणि बोलावणाराच त्याला अनोळखी नजरेने बघत होता. त्या रात्री भाचीने पहिल्या भागापासून सगळं परत बघितलं, दुसऱ्या दिवशी सहामाहीचा पेपर होता तरी. ताईने मला फोन करून झापलं.

व्हिक्टरच्या बाजूने गोष्ट दिसते ती एवढीच. बाकी तो हसरा, चकचकीत, बंद दाराचा माणूस. लहानपणी कसा होता, केस एवढे लांब का होते, सत्ताविसाव्या वर्षी पाच सुवर्णपदकं गळ्यात असताना इतका कंटाळलेला का, हे मालिका सांगत नाही. मालिकेने सातव्या भागात भर रिंकवर त्याला युरीच्या अंगावर झेपावताना दाखवलं, तेही चुंबनाच्या नेमक्या क्षणी त्याचा हात मध्ये येईल अशा बेताने. दहाव्या भागात बार्सिलोनाच्या चर्चसमोर दोघांच्या बोटांत अंगठ्या आल्या. इतकं स्पष्ट दाखवून पुन्हा शब्दांत काहीच सांगायचं नाही, हा काहींना संयम वाटला, काहींना चलाखी. मला विचाराल तर तोवर क्रीडा अॅनिमेत दोन पुरुषांमधली ओढ नुसती चाहत्यांच्या कल्पनेवर सोडलेली असायची. त्या मानाने अंगठ्या म्हणजे फारच होतं. पण ज्यांना त्याहून थोडं अधिक हवं होतं त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

शेवटी फायनल. युरी कात्सुकी अवघ्या ०.१२ गुणांनी दुसरा, पहिला त्याचाच नामबंधू, पंधरा वर्षांचा रशियन युरी. रौप्यपदक, निवृत्ती नाही, व्हिक्टरही पुन्हा बर्फावर उतरणार. आणि शेवटच्या पडद्यावर शब्द: पुढच्या पातळीवर भेटू.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महाग वाक्य ते.

मग २०१७ मध्ये चित्रपटाची घोषणा. २०१८ मध्ये नाव जाहीर झालं आणि साल सांगितलं, २०१९. २०१९ उजाडलं, मावळायला आलं, आणि कळलं की आधी ठरवल्यापेक्षा मोठा व्याप करायचाय म्हणून पुढे ढकललाय. लोक खूशच झाले. व्याप वाढणं म्हणजे चांगलंच की! नोव्हेंबर २०२० मध्ये एक झलक आली. लांब केसांचा, कोवळा व्हिक्टर बर्फावर. म्हणजे बंद दार उघडणार होतं. भाची तेव्हा कॉलेजात, टाळेबंदीमुळे घरी अडकलेली; तिने ती झलक किती वेळा बघितली त्याची मोजदाद नाही. मला पाठवून लिहिलं होतं, “पाय बघ मावशी. सरळ आहेत.”

त्यानंतर साडेतीन वर्षं सामसूम.

मधल्या काळात माप्पा कुठल्या कुठे गेला. ‘अटॅक ऑन टायटन’चा शेवटचा हंगाम, ‘जुजुत्सु कायसेन’, ‘चेनसॉ मॅन’. अॅनिमे न बघणाऱ्यांनीही नावं ऐकलेली. २०२३ मध्ये ‘जुजुत्सु’च्या दुसऱ्या हंगामावर काम करणाऱ्या चित्रकारांनी वेळापत्रकाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. अशा घाण्यात एक हाताने काढायचा स्केटिंगपट कुठे बसणार, हा हिशेब मांडायला अंतर्यामी असावं लागत नाही. वर केलेला २७० गुणिले १२ चा हिशेब चित्रपटाच्या पडद्यासाठी करून बघा. तिथे नाक-डोळे पुसट ठेवून चालत नाही. मालिकेला जी हौस तारून गेली, तीच चित्रपटाच्या गळ्यातलं लोढणं झाली असणार, असा माझा कयास.

आणखी एक गोष्ट इथे वेगळी होती, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. बहुतेक अॅनिमेमागे मांगा असतो. हंगाम अर्धवट राहिला तर चाहता पुस्तक उघडतो आणि पुढचं वाचतो. आपल्याकडे मालिका भरकटली की मूळ कादंबरी शोधतात तसं. ही गोष्ट थेट पडद्यासाठीच लिहिलेली. मागे पुस्तक नाही. पडदा बंद झाला की व्हिक्टरचं लहानपण दुसरीकडे कुठेच सापडणार नाही. म्हणून “कथा तर बारा भागांत पूर्ण झाली होती, मग रडता कशाला?” असं विचारणाऱ्यांशी मी अर्धी सहमत आहे. युरीची झाली होती. व्हिक्टरची त्यांनी स्वतःहून द्यायचं कबूल केलं होतं, कुणी मागितली नव्हती.

आणि ‘नाही’ म्हणायला सात वर्षं लागावीत का? रद्द होतात चित्रपट, त्यात काही विशेष नाही. पण झलक दाखवून गप्प बसलं की दर वर्षी कुणीतरी कुठल्यातरी छायाचित्रातून, वर्धापनदिनाच्या नव्या चित्रातून, विकायला आलेल्या चावीच्या साखळीतून अर्थ काढत बसतं. साखळ्या विकल्या जात होत्या बरं का. भाचीकडे दोन आहेत.

तुलनेसाठी एकच उदाहरण देते. जानेवारी २०२५ मध्ये ‘मेडलिस्ट’ ही दुसरी स्केटिंग मालिका आली. अकरा वर्षांची इनोरी आणि तिचा प्रशिक्षक त्सुकासा, मूळ मांगा त्सुरुमाइकादाचा, स्टुडिओ एन्गी. इथे ऑलिम्पिक खेळलेल्या अकिको सुझुकीने कार्यक्रम बसवले, अंगाला संवेदक लावून स्वतः केले आणि त्यावरून संगणकाने त्रिमितीय स्केटिंग तयार केलं. पाय सरळ, कडा बरोबर, गिरकी पूर्ण. तरी तक्रारी झाल्याच: बर्फावर उतरलं की मुलगी बाहुली होते, काठावर आली की पुन्हा माणूस. भाचीनेही पहिल्या भागाला नाक मुरडलं होतं. पुढे सवय झाली. मालिका वेळेवर संपली आणि दुसरा हंगामही आला. हाताने काढलेला वाकडा पाय बरा की संगणकाचा सरळ, यावर आमचं अजून एकमत नाही. मी आता दुसऱ्या बाजूला झुकलेय, वयाचा परिणाम असेल.

त्या १९ एप्रिलला शुक्रवार होता. मी दुपारी बातमी पाठवली तर तिचं उत्तर आलं, “माहितीये. सकाळीच कळलं.” संध्याकाळी ऑफिसमधून सुटल्यावर फोन केला तिने. रडली वगैरे नाही. म्हणाली, “मावशी, २०२१ मध्ये सांगितलं असतं ना, तर मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते.” मग जरा वेळाने विचारलं, “तुझ्याकडे त्या डिस्कवरचा दहावा भाग आहे ना अजून?” होता. रविवारी आली, जेवली, आणि भाग न बघता थेट शेवटच्या फोटोंपाशी नेऊन थांबवला. टाय डोक्याला बांधलेला युरी, आणि त्याच्याकडे बघणारा व्हिक्टर. रिमोट घेऊन एकेक फ्रेम पुढे नेत बसली होती बराच वेळ.